नून, नुक्ता आणि तेरा कॅमेरे

मराठीच्या तासाला ‘दृष्टिकोन’ हा शब्द आला की मी तो फळ्यावर फोडून लिहितो. दृष्टी आणि कोन. मुलं हसतात, कारण कोन हा गणिताचा शब्द आहे असं त्यांना वाटत असतं. दोन तास उलटतात, त्याच मुलांसमोर उर्दूचं पुस्तक उघडतो, आणि त्याच अर्थाने ‘नुक्ता-ए-नजर’ येतो. नजरेचा नुक्ता, म्हणजे बिंदू. उर्दूत ‘जाविया-ए-निगाह’ असंही म्हणतात, म्हणजे कोन तिकडेही आहेच. पण बोलण्यात आणि अग्रलेखात जास्त चालतो तो नुक्ताच. एक भाषा विचारते, तू कुठल्या कोनात उभा आहेस? दुसरी विचारते, तुझा बिंदू कोणता? (मराठी लिहिताना मी अक्षरांखालचे नुक्ते देत नाही, मराठीचा तो रिवाज नाही. उर्दूवाल्यांनी समजून घ्यावं.)

हा फरक दोरी आणि कोनमापक घेऊन मोजता येतो, हे गेल्या पावसाळ्यात मालेगावात कळलं. तेरा कॅमेरे अर्धवर्तुळात लावून ते सगळे एका ठिपक्यावर रोखायचे होते. ते कशासाठी, हे आधी सांगतो.

आमच्या मोहल्ल्यात एक कातिब आहेत. सगळे त्यांना कातिब चाचा म्हणतात, मीही. वय ऐंशीच्या जवळ. तरुणपणी मुंबईत उर्दू छापखान्यांसाठी त्यांनी किताबत केली. किताबत म्हणजे काय, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. उर्दूची नस्तालीक लिपी शिशाच्या खिळ्यांना कधी नीट बधली नाही. तिच्यात अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, आणि शब्द उजवीकडून डावीकडे जाता जाता खाली उतरतो. म्हणून उर्दूची पुस्तकं आणि वर्तमानपत्रं अगदी परवापरवापर्यंत आधी हाताने लिहिली जात आणि मग छापली जात. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आली, लाहोरच्या ‘जंग’ने ती वापरली. १९९४ मध्ये दिल्लीत इनपेज तयार झालं आणि आपल्याकडच्या कातिबांचं काम बघता बघता आटलं. चाचा गावी परतले. मग लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या, मशिदीतले नमाजच्या वेळांचे फलक.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन. हात मांडीवर निवांत ठेवला की थरथरतो. बोरू धरून कागदावर टेकवला की बराचसा थांबतो. पण या आजाराची आणखी एक खोड आहे, माणसाचं अक्षर लहान लहान होत जातं. चाचांना ते डॉक्टरांच्या आधी कळलं, कारण कातिबाजवळ माप असतं.

बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. ते कागदावर टेकवून जरासं ओढलं की एक कलता चौकोनी ठिपका उमटतो. तो नुक्ता, कातिबांच्या बोलीत कत. अक्षराची उंची, रुंदी, पोटाची खोली, सगळं या कतांत मोजतात. नस्तालीकचा अलिफ तीन कत उंच. नुक्त्याने अक्षर मोजण्याची रीत बगदादच्या इब्न मुकलाने घालून दिली असं मानतात. तो खलिफाचा वजीर होता. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, आणि ९४० मध्ये तो कैदेत मेला. तर बोरू तोच असेल तोवर कत तेवढाच राहतो. चाचा रोज सकाळी एक अलिफ लिहीत आणि शेजारी तीन नुक्ते एकावर एक ठेवून बघत. अलीकडे सगळ्यात वरचा नुक्ता अलिफच्या डोक्यावरून डोकावायला लागला होता.

त्यांच्याकडे शिकायला दोनच जणी येतात, माझ्या शाळेतल्या नववीच्या मुली. त्यांची अडचण साधी होती. समोर बसलं की अक्षर उलटं दिसतं. उजवीकडे बसलं की बोरूचं टोक मुठीआड जातं. डावीकडे भिंत. आणि नस्तालीकची सगळी करामत त्या टोकात आहे: नूनचा दायरा उतरताना बोरूची पूर्ण धार कागदावर असते आणि वर चढून संपताना फक्त एक कोपरा. मधल्या वळणावर बोरू बोटांत किंचित फिरतो. कधी फिरतो, कोणतं बोट फिरवतं, हे चाचांना विचारलं तर ते म्हणत, “ते हाताला माहीत आहे, मला नाही.”

मोबाइलवर व्हिडिओ काढून झाले होते. पण व्हिडिओ एका बाजूचा. दुसऱ्या बाजूने घ्यायचा तर पुन्हा लिहायला लावायचं, आणि दुसरा नून पहिल्यासारखा नसतो. शिवाय हात थकतो. हवा होता एकच क्षण, सगळ्या बाजूंनी.

माझा एक माजी विद्यार्थी लग्नांचं शूटिंग करतो. त्याच्यापाशी हे बोललो तर तो म्हणाला, “सर, मॅट्रिक्स करू या.”

१९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’मधला तो प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. नायक गोळ्या चुकवत मागे झुकतो आणि आपण त्याच्याभोवती फिरतो. तिथे कॅमेरा फिरलेला नाही. हिरव्या पडद्यामागे सुमारे १२० स्थिर कॅमेरे नायकाभोवती ओळीने लावले होते, फक्त त्यांची भिंगं भोकांतून बाहेर होती. ते एकामागून एक, अगदी बारीक अंतराने उघडले आणि ती चित्रं सिनेमाच्या फितीसारखी जोडली. लग्नात हल्ली जो गोल फिरणारा बूथ असतो, ज्याच्या दांड्याला लावलेला एकच मोबाइल नवरा-नवरीभोवती चकरा मारतो, तो याच्या उलट. तिथे फिरता फिरता वेळही पुढे जातो. इथे वेळ जवळजवळ थांबवून जागा बदलायची.

कल्पना सिनेमावाल्यांचीही नाही. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात घोड्याच्या धावेचे फोटो काढले ते सगळ्या पुस्तकांत असतात: बारा कॅमेरे एका सरळ रांगेत, घोडा पुढे जातो तसे एकेक उघडणारे. त्याचं पुढचं काम कमी लोकांना माहीत आहे. १८७९ मध्ये त्याने पाच कॅमेरे अर्धवर्तुळात मांडले आणि कसरतपटूंचे फोटो पाचही बाजूंनी एकाच वेळी काढले. सरळ रांग काळ दाखवते, अर्धवर्तुळ आकार दाखवतं. आम्हाला बोरू किती वेळात वळतो हे नको होतं, कसा धरलाय हे हवं होतं.

कॅमेरे कुठून आणायचे? पावसाळ्यात चातुर्मास लागला की हिंदूंची लग्नं थांबतात, आणि त्या वर्षी मोहरमही जवळपास त्याच दिवसांत होता. म्हणजे गावातल्या सगळ्या फोटोग्राफरांचे कॅमेरे एकदमच बॅगेत पडून. पोराने चार दिवसांत तेरा जमवले. एकाच कंपनीचे, नऊ एका मॉडेलचे, चार दुसऱ्या. लेन्स मात्र सगळ्यांवर कॅमेऱ्याबरोबर मिळणारी तीच. ज्या गावाने सायकलवर कॅमेरा बांधून ‘शोले’ काढला, त्या गावात असं काही करायला परवानगी लागत नाही, चहा लागतो.

चाचांची एक अट होती. चेहरा नको. जिवंत माणसाची तसवीर त्यांना मान्य नाही. “हात घ्या,” ते म्हणाले. “हात माझा कुठे आहे, उस्तादांचा आहे.” मोहल्ल्यात एकदोघांनी हातावरूनही कुरकुर केली. माझं मत विचाराल तर आधार कार्डावर, पासपोर्टवर आणि हजच्या अर्जावर आपल्या सगळ्यांचे फोटो आहेत, तेव्हा या वादाला फार जीव राहिलेला नाही. पण एखादा माणूस स्वतःपुरती हद्द आखतो तेव्हा ती पाळायची असते, तिच्यावर चर्चासत्र घ्यायचं नसतं. आम्ही कॅमेरे हातापेक्षा अर्धा मीटर उंच ठेवून खाली झुकवले, झूम ५५ वर नेला, म्हणजे चौकटीत साधारण साठ सेंटिमीटर रुंदीचाच तुकडा येतो. दाढीचं टोक आलं तर चालेल, असं चाचांनी स्वतःच सांगितलं.

शेजारचं कापडाचं रिकामं गोदाम मिळालं. जमिनीवर एक खिळा, त्याला दीड मीटर दोरी, दोरीला खडू. अर्धवर्तुळ निघालं. पोरगा १८० ला तेराने भागायला लागला तेव्हा त्या दोघींपैकी एक म्हणाली, “भाई, कॅमेरे तेरा, पण मधल्या फटी बारा.” मग पंधरा अंश आले, सुटसुटीत. दोन कॅमेऱ्यांमधलं सरळ अंतर किती, हे तिने वहीत काढलं: एकोणचाळीस सेंटिमीटर. आमच्या शाळेत त्रिज्येला ‘निस्फ कुत्र’ म्हणतात आणि वर्तुळाला ‘दायरा’. नूनच्या पोटालाही कातिब दायराच म्हणतात.

छताच्या कडीतून ओळंबा सोडायला मी शिडीवर चढलो आणि खाली बघितलं. खडूचं अर्धवर्तुळ, मधोमध खिळ्याचा ठिपका. जमिनीवर तीन मीटरचा नून लिहिलेला होता. मुलींना वर बोलावून दाखवला.

इथून खरं काम सुरू झालं, आणि ते सलग दोन दिवस चाललं.

ग्रिल-गेटवाल्याने लोखंडी पाइप अर्धगोल वाकवून दिला होता, पण वाकवलेला पाइप कंपासातून निघालेला नसतो. टोकांना दीड मीटर, मध्यावर चार सेंटिमीटर आत. कॅमेरा जवळ आला की हात मोठा दिसतो; चित्रं एकामागून एक लावली की हात फुगल्या-आक्रसल्यासारखा वाटतो. म्हणून प्रत्येक क्लॅम्पखाली कमी-जास्त पट्ट्या घालून दोरीने अंतर सारखं केलं. उंची सारखी करायला गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणली. तेरा ठिकाणी नळी धरून पेन्सिलीची खूण. लेसरची महागडी यंत्रं असतात, मॅट्रिक्सवाल्यांनी लेसरनेच नेम धरले होते. पण नळीतलं पाणी चुकत नाही आणि त्याला बॅटरी लागत नाही.

जागा झाली, आता रोख. कॅमेरा तीन तऱ्हांनी फिरतो: डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि स्वतःच्याच भिंगाभोवती कलतो. पहिल्या दोन चुका डोळ्याला लगेच दिसतात. तिसरी फसवी असते. एकट्या चित्रात एखाद-दुसऱ्या अंशाचा कल कुणाला कळत नाही. तेरा चित्रं ओळीने लावली की गोदाम बोटीत असल्यासारखं डोलतं. यावर ओळंबाच औषध. त्याची दोरी सगळ्या कॅमेऱ्यांना मधोमध उभी दिसली पाहिजे आणि पडद्यावरच्या उभ्या रेघेवर तंतोतंत बसली पाहिजे. ओळंब्याचं टोक डेस्कवरच्या ज्या ठिपक्याला शिवतं, तो ठिपका चौकटीच्या मध्यावर. दोरीने कल आणि डावं-उजवं धरायचं, ठिपक्याने वर-खाली.

एक अंश म्हणजे किती, हे मुलींना हवं होतं. दीड मीटरवर एक अंश रोख चुकला तर बिंदू अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकतो. चाचांच्या बोरूचं टोक पाच मिलिमीटर. म्हणजे पाच बोरू बाजूला. मग एकीने विचारलं, किब्ला एक अंश चुकला तर? इथून मक्का साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. एका अंशात साठेक किलोमीटरचा फरक पडतो. ती गप्प झाली. मी तिला सांगितलं की नमाजीकडून मिलिमीटरचा हिशेब कुणी मागत नाही, दिशा मागतात. कॅमेऱ्याला मात्र ही सवलत नाही.

हरममध्ये काबाच्या भोवती सफा गोल असतात. आपल्या मशिदीत सफ सरळ, तिथे वक्र, आणि दोन्ही बरोबरच, कारण रांगेचा आकार अंतराने ठरतो. इतक्या लांबून ते वर्तुळ सरळ रेघेसारखं वाटतं, इतकंच. मायब्रिजची सरळ रांग आणि आमचं अर्धवर्तुळ यांच्यातलं अंतर मला तेव्हा जरा वेगळं दिसलं.

आता कॅमेरा या शब्दाबद्दल, कारण ते दोन दिवस गोदामात येणाऱ्या प्रत्येकाने मला तेच ऐकवलं. कॅमेरा हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला आणि तो इब्न अल-हैसमने दिला, असा एक मेसेज मोबाइलवर फिरत असतो. तसं नाही. शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली, मुळात घुमटी छताची. आपण उर्दूत खोलीला जो कमरा म्हणतो तो पोर्तुगीजांकडून आला, म्हणजे कमरा आणि कॅमेरा एकाच घरातले दोन भाऊ, एक गोव्याच्या वाटेने आला आणि एक इंग्रजांच्या. इब्न अल-हैसमला असल्या उधार शब्दांची गरज नाही. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत वारलेल्या या माणसाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘किताब अल-मनाझिर’ लिहिलं. त्यात एक प्रयोग आहे: एका जागी बरेच दिवे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचे, समोर अंधाऱ्या खोलीत उघडणारं एक भोक. आत भिंतीवर जितके दिवे तितकेच उजेडाचे ठिपके पडतात, वेगवेगळे. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जातो, बाकीचे तसेच. म्हणजे सगळे किरण एकाच भोकातून जातात, तरी एकमेकांत मिसळत नाहीत. ज्याला इस्लामी विज्ञानाचा अभिमान मिरवायचा आहे त्याने हा प्रयोग मुलांना करून दाखवावा, मेणबत्त्या दहा रुपयांत मिळतात. मी पुठ्ठ्याला खिळ्याने भोक पाडून तिथेच दाखवला. आमच्या मांडणीत हेच चित्र उलट फिरवलेलं होतं: तेरा रेषा, एका बिंदूतून.

गुरुवारी रात्री सगळं जुळलं. शुक्रवारी सकाळी पाहिलं तर तेरापैकी सात कॅमेरे सरकलेले. कुणी हात लावला नव्हता. गोदामाच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत, आणि माग चालू असले की मालेगावची जमीन रात्रभर खटखटते. आम्हाला जन्मापासून तो आवाज ऐकू येत नाही. क्लॅम्पच्या स्क्रूंना मात्र ऐकू गेला. पण शुक्रवारी माग बंद असतात. पुन्हा नळी, पुन्हा ओळंबा, अकरा वाजेपर्यंत सगळे रोख परत आणले, स्क्रूंवर पंक्चरवाल्याचा रबराचा तुकडा घातला, गोदामाला कुलूप लावलं आणि जुम्याला गेलो.

इमाम साहेबांनी सफा सरळ करायला सांगितलं, जसं दर आठवड्याला सांगतात. शेजारी उभा असलेला माझा फोटोग्राफर खाली वाकून टाचांची रेघ बघायला लागला, आणि शेवटी त्याने पुढच्या एका काकांना दोन बोटं मागे सरकवलं. नमाजनंतर ते काका मला विचारत होते, याला काय झालंय.

तेरा कॅमेरे एकदम उघडायचे कसे, हा उरलेला प्रश्न रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी सोडवला. प्रत्येक कॅमेऱ्याला रिमोटची पिन, तेरा वायरी, प्रत्येकीत डायोड म्हणजे एकाचा करंट दुसऱ्यात जाऊ नये, आणि सगळ्यांच्या टोकाला दारावरच्या घंटीचं एक बटण. तरीही कॅमेरे अगदी एकाच क्षणी उघडत नाहीत, कुणी कणभर आळशी असतो. त्यावर तोडगा अंधार. गोदामाची दारं-खिडक्या बंद, फक्त एक झिरोचा बल्ब, कॅमेऱ्यांना दोन सेकंद उघडं राहायला सांगायचं आणि छिद्र बारीक ठेवायचं. बटण दाबलं की सगळे उघडतात, मागे-पुढे का होईना. दोन सेकंदांच्या मध्यात वरून एकच फ्लॅश. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाही टिकत नाही. तेराही कॅमेऱ्यांना जो काही क्षण दिसतो तो तेवढाच. एकाचवेळपण कॅमेऱ्यांकडून मागायचं नाही, उजेडाकडून मागायचं.

अर्धवर्तुळाची आणखी एक गंमत म्हणजे पहिला आणि तेरावा बरोबर समोरासमोर येतात. आमचे खाली झुकलेले असल्याने एकमेकांच्या डोळ्यात बघत नव्हते, पण एकमेकांचे लोखंडी पाय बघत होते. पाइपवरून काळं कापड सोडलं. मालेगावात कापड मागावं लागत नाही.

चाचा तीन वाजता आले. नेहमी ते गुडघा उभा करून त्यावर कागद ठेवून लिहितात, पण गुडघा हलतो, म्हणून मुनीमजीकडचं उतरतं डेस्क पेचाने खाली आवळून ठेवलं होतं. मी त्यांना ठिपका दाखवला: लिहिताना बोरूचं टोक इथेच आसपास राहिलं पाहिजे. मला वाटलं हे त्यांना जड जाईल. ते म्हणाले, “मग कागद सरकवतो. किताबतीत असंही हात बसलेला असतो, चालतो तो कागद.” ओळंबा काढून घेतला. रिकाम्या जागेत आता तो बिंदू होता, दिसत मात्र नव्हता. बाहेरून आत आलेल्या माणसाला एक म्हातारा अंधारात लिहितोय आणि तेरा भिंगं त्याच्याकडे बघताहेत, एवढंच दिसलं असतं.

सव्वा तासात त्यांनी नऊ नून लिहिले. फ्लॅश केव्हा मारायचा हे मुलींवर सोपवलं, कारण कुठला क्षण आपल्याला कळत नाही हे त्यांनाच माहीत होतं. नवव्यानंतर हात मांडीवर गेला आणि थरथरायला लागला. पुढे काही नाही. नऊपैकी चार नीट आले.

कॉम्प्युटरवर उरलेली कसर काढली. सकाळी ओळंबा टांगलेला असताना प्रत्येक कॅमेऱ्यातून एक फोटो काढून ठेवला होता. त्यातले दोन बिंदू, दोरीचा वरचा आणि खालचा, तेराही चित्रांत एकावर एक आणायचे. दोन बिंदू जुळले की सरकणं, कलणं आणि लहान-मोठं होणं, तिन्ही सुटतात, मग तेच माप खऱ्या चित्रांना लावायचं. कडा वेड्यावाकड्या उरतात त्या छाटायच्या. जो कॅमेरा जागेवरूनच हललेला असतो, त्याची चूक मात्र यातून जात नाही. मधला बिंदू जुळवला तरी त्याच्या पुढचं आणि मागचं चुकीचंच दिसतं. आमच्याकडे एक होता, आठवा. तो गाळला. चार कॅमेऱ्यांचा रंग वेगळा येत होता, म्हणून सगळंच काळं-पांढरं केलं. शाई आणि कागद, काय बिघडलं.

मग बारा चित्रं एकामागून एक फिरवली. हात थांबलेला आहे आणि आपण त्याच्या उजव्या खांद्यापासून डाव्या खांद्यापर्यंत चालत गेलो आहोत. पहिल्या चारात नुसती मूठ, करंगळी कागदावर टेकलेली. मध्यावर उलटा नून. दहाव्या-अकराव्यात, जिथे घरी भिंत आहे तिथून, बोरूचं टोक स्वच्छ. दायऱ्याच्या तळाशी पूर्ण धार खाली आहे. पुढच्या क्षणात धार उचललेली, एक कोपरा टेकलेला, आणि तर्जनी नुसती बोरूवर पडून आहे, दाबत नाही. फिरवतोय तो अंगठा. मुलींनी आजवर तर्जनीनेच जोर लावला होता.

चाचांना लॅपटॉपवर दाखवलं. ते अकराव्या चित्रावर बराच वेळ थांबले. पन्नास-पंचावन्न वर्षं त्यांनी तो हात वरून पाहिला होता. “हा अंगठा उस्तादांचा,” ते म्हणाले, “माझ्याकडे कधी आला ते कळलं नाही.” मग चष्मा पुसून त्यांनी कागद मागवला, फोटो नव्हे, त्या दिवशी लिहिलेला कागदच, आणि नूनचा दायरा कतांनी मोजायला बसले. रुंदी कमी भरली. किती, ते त्यांनी मोठ्याने सांगितलं नाही, पण दोन्ही मुली शेजारीच होत्या आणि त्यांना मोजता येतं.

आता त्यांना बाकीची अक्षरं हवी आहेत. आधी ‘हे’, मग ‘ऐन’, मग ‘काफ’ची रेघ. त्यांनी यादी करून दिली आहे, अवघडातलं आधी. सहा दिवस माग चालतात, म्हणून दर शुक्रवारी सकाळी सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं. आता दोन तासांत होतं. लग्नं सुरू झाली की कॅमेरे जातील. फोटोग्राफर म्हणतो सात राहिले तरी तीस-तीस अंशांवर काम भागेल, मुलगी म्हणते नको, दोनतृतीयांश वर्तुळ सोडून डाव्या बाजूलाच दाट लावू. मला तिचं पटतं. गवंडी आपला ओळंबा परत मागतोय, या शुक्रवारी कुणाकडे जास्तीचा असेल तर घेऊन या.